घरच्यांनी टाळी वाजवायची नाही

मी, शिवराम भागुजी सोनावळे, वय एकाहत्तर, निवृत्त फिटर, राहणार हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम, पूर्ण शुद्धीत आणि कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत सांगितली आहे. हात अजून कापत नाही, तोवर लिहून टाकलेले बरे.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझी एकुलती मुलगी मैत्रेयी, राहणार अंबरनाथ पश्चिम, हिला द्यावी. तिने घर खुशाल विकावे. न्हाणीघरातला नळ उलट्या बाजूने बंद होतो, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. फिटरच्या घरात असा नळ, म्हणून माझी पत्नी गंगू येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ माझी टिंगल करायची. ती गेल्यापासून मी तो मुद्दाम तसाच ठेवला आहे.

२. सर्व पान्हे पुतण्या मिलिंदला. उसने मागायला येणाऱ्यांना त्याने देऊ नयेत. मी दिले, निम्मे परत आले नाहीत.

३. आमच्या पथनाट्य मंडळाचा पडदाही मिलिंदकडेच राहावा. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांतले उरलेले तुकडे जोडून तो गंगूने शिवला आहे. आमचा खेळ एकच, दारूचा. नवरा पिऊन घरी येतो, बायकोवर हात उगारतो. बघणाऱ्यांपैकी कोणीही टाळी वाजवली की सगळे जागच्या जागी थांबतात. टाळी वाजवणारा आत येतो, बायकोच्या जागी उभा राहतो आणि पुढे काय व्हायला हवे ते करून दाखवतो. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावर तिथल्याच भिमाबाई टाळी वाजवून आत आल्या, माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि दारात बसून राहिल्या. त्यांचा नवरा समोरच बसला होता. पुढच्या वर्षी दोघे मिळून आमच्यासाठी नवे तांदूळ घेऊन आले. तेव्हा मला वाटले, आपल्या हातून काहीतरी चांगले झाले.

नवऱ्याचे काम तीस वर्षे मीच केले. लोक म्हणत, काय अभिनय करतो हा माणूस. अभिनय नव्हता. आठ वर्षे मी पीत होतो आणि गंगूवर हात टाकत होतो. मंडळात आल्यावर दारू सुटली. खेळ मात्र आमच्याच घरातून उचलला, आणि तो रस्त्यावर मांडू का, हे मी गंगूला विचारले नाही.

४. ढोलकी मंडळाचा जुना ढोलकीवाला राजेंद्र याला द्यावी. त्याच्याशी मी बावीस वर्षे बोललेलो नाही. लोकांना वाटते, बॅनरवर नाव कोणाचे मोठे यावरून आम्ही भांडलो. खरे कारण खाली लिहितो, म्हणजे ढोलकी का दिली तेही कळेल.

५. मंडळाचा एक नियम मी केला होता. कलाकारांच्या घरच्यांनी टाळी वाजवायची नाही, त्याने खेळ बिघडतो. हेंद्रेपाड्याच्या मैदानात खेळ चालू होता. मी हात उगारला आणि पुढच्या रांगेतून टाळी आली. मैत्रेयी उभी होती, बारा वर्षांची. सगळे थांबले. मी थांबलो नाही. सगळ्यांसमोर तिला म्हणालो, "खाली बस. घरच्यांनी टाळी वाजवायची नाही." ती बसली आणि मी खेळ पूर्ण केला. टाळ्या खूप पडल्या.

राजेंद्रने ढोलकी माझ्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, "शिवाभाऊ, सगळ्या गावाच्या पोरी तुला दिसतात, तुझीच नाही दिसली?" तो गेला तो गेलाच. त्याचे बरोबर होते.

मैत्रेयी पुन्हा खेळाला आली नाही. आता दर रविवारी माझी औषधे आणते, चप्पल न काढता दारातूनच देते. कधी चुकत नाही. मी आठवडाभर त्या दोन मिनिटांची वाट बघतो. एरवी भाकरी थापताना नाटकातले संवाद म्हणतो, घरात कोणाचा तरी आवाज असावा म्हणून. मागच्या रविवारी हे सगळे तिला सांगायचे ठरवले होते. तोंड उघडले आणि विचारले, "चहा घेतेस?" ती म्हणाली, "नको बाबा, घाई आहे."

६. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने करावा. नंतर पुण्यानुमोदनाला, माझ्या आठवणीसाठी सगळे जमतील त्या दिवशी, त्याच मैदानात खेळ लावावा. माझे काम मिलिंदने करावे. वरचा नियम मी आज रद्द करत आहे. मैत्रेयीला निरोप द्यावा, आग्रह करू नये. तिने टाळी वाजवली तर सर्वांनी थांबावे आणि तिला हवे ते, हवा तितका वेळ करू द्यावे. त्या दिवशी ती काय करणार होती, हे मी तिला कधीच विचारले नाही.

ती आली नाही, किंवा येऊन गप्प बसली, तर मिलिंदने हात उगारून तिथेच थांबावे आणि खेळ संपवावा. लोक थांबले तर थांबोत, उठून गेले तर जावोत. तो हात खाली येता कामा नये.

सही: शिवराम भागुजी सोनावळे

आमच्या दोघांसमोर त्यांनी वाचून सही केली:
१. सुनेत्रा यज्ञेश कर्णिक, शेजारी
२. समीर दत्ताराम भोपी, शेजारी

बदलापूर, रविवार, १४ डिसेंबर २०२५. मैत्रेयी येऊन गेल्यावर.