टाकीतलं बावखल

नालासोपारा (प.)
८ फेब्रुवारी १९९८

ती. वसुताईस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधी कान पकडतो. डिसेंबरात सांडोरची वाडी सोडून इथे दुसऱ्या मजल्यावर आलो, तेव्हापासून वेळ भरपूर आणि काम काही नाही. चाळीस वर्षं केळींना पाणी लावलेला माणूस आता गॅलरीतल्या तुळशीला तांब्याभर पाणी घालतो आणि आत येऊन बसतो. तुझी भावजय सरोजिनी म्हणते की मी घरात असलो की फ्लॅट लहान होतो. सोबत सुकेळी पाठवतोय. राजेळी केळ्यांचीच वाळवलेली आहेत, पण यंदा बाजारातली, गोड मानून घे.

आता कामाचं. मी एक काचेची टाकी आणलीय, दोन फुटी. हसू नकोस. आजोबांनी वाडीला पाणी पुरावं म्हणून खणलेल्या आपल्या बावखलातले सात मासे त्यात आहेत. कपाळावर चांदीचा ठिपका असलेले, ज्यांना आपण टिकलीवाले म्हणायचो, तेच. आठवण म्हणून आणले. पण पाणी पेजेसारखं झालंय आणि मासे सारखे वर येऊन तोंड उघडतात. भाऊजींनी नागपूरला तीस वर्षं मासे सांभाळले आणि तू तीस वर्षं कुरकुर केलीस, म्हणजे तू सगळं पाहिलेलं असणार. काय करू ते सविस्तर लिही.

सरोजिनीचा नमस्कार. लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नये.

तुझा,
जयवंत

*

नागपूर
१७ फेब्रुवारी १९९८

चि. जयवंत यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग रडले. यांची टाकी दोन वर्षं माळ्यावर पालथी पडलीय. रविवारी सकाळी चहाच्या आधी टाकीचं पाणी, हा आमच्या घरचा कुळाचार होता. तो बंद पडल्यापासून रविवार कसा काढायचा ते मला कळत नाही. तर ऐक.

नळाचं पाणी थेट ओतू नकोस. त्यातल्या औषधाने माशांचे कल्ले भाजतात. बादलीत भरून एक दिवस उघडं ठेव, मग वापर. पाणी बदलायचं ते आठवड्यातून एकदा, आणि चौथा हिस्साच. बाकीचं जुनं राहू दे. तुझं पाणी पेजेसारखं झालं त्याचं कारण मला इथून दिसतंय: तू खाऊ घालतोस फार. पाहुण्याला आग्रह करावा तसा माशाला करायचा नसतो. दोन मिनिटांत संपेल एवढंच टाक, उरलेलं कुजतं. टाकी खिडकीच्या उन्हात नको, हिरवी होईल. आणि वर जाळी घाल, टिकलीवाले उड्या मारतात हे तुला मी सांगायला हवं का?

आता माझं. वाडीच्या कागदावर सही करून पाठवताना मी एकच अट घातली होती, बिल्डरने बावखलाला हात लावायचा नाही. तू शब्द दिला होतास, म्हणून मी निर्धास्त आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात नातीला, नेहलला, घेऊन येतेय. आई आपल्याला दगडाच्या पायरीवर बसवून पाणी पायाला लागू दे म्हणायची, तसं तिला बसवायचंय. मासे पायाला टोचतात हे तिला खरं वाटत नाही.

सरोजिनीस आशीर्वाद. तब्येतीला जप आणि ताईची आठवण ठेव.

तुझी,
ताई

*

नालासोपारा
२ मार्च १९९८

ती. वसुताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाणी निवळलं. मासे आता तळापर्यंत जातात. तुझं औषध लागू पडलं, आणि म्हणूनच हे पत्र लिहायला जास्त जड जातंय.

ताई, बावखल राहिलं नाही. जानेवारीत बुजवलं. अट कागदावर नव्हती, नुसती तोंडी होती. बिल्डरच्या माणसाने आदल्या दिवशी सांगितलं की उद्या मातीचे ट्रक येणार. मी आरडाओरडा करायला हवा होता, निदान तुला तार करायला हवी होती. मी काही केलं नाही. घरी येऊन जेवलो. पहाटे बादली आणि जुनी मच्छरदाणी घेऊन गेलो आणि जमले तेवढे मासे धरले. सातच सापडले. आठवण म्हणून आणले असं तुला लिहिलं, ते अर्धंच खरं होतं.

त्या दिवसापासून मी सांडोरला पाऊल टाकलेलं नाही. शेजारच्या वाडीतला पास्कल बांधावर उभा राहून बघत होता. वाडी विकू नको म्हणून सगळ्या गावाला शिकवणारा मीच होतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? मी मान खाली घालून बादली उचलली आणि निघालो. ज्याच्याबरोबर जन्मभर पाण्याच्या पाळ्या वाटून घेतल्या, त्याचा निरोपही घेतला नाही.

तू रागावशील. रागाव. फक्त येणं रद्द करू नकोस एवढी विनंती. मेपर्यंत हे सात जगवून दाखवतो.

तुझा अपराधी,
जयवंत

*

नागपूर
१३ मार्च १९९८

चि. जयवंत यास आशीर्वाद.

चार दिवस पत्र लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते तुला वाचवलं नसतं. बावखल गेलं याचं दुःख आहेच, पण तू जेवलास आणि मला दोन महिने कळवलं नाहीस, याचा राग जास्त आहे. लहानपणी आईची दुधाची मातीची कासांडी फोडून तू केळीच्या बुंध्यात पुरलीस, तेव्हाही तीन दिवस गप्प होतास. साठी आली तरी खोड जात नाही.

येणार आहे. तिकीट काढलंय. ते सात मला दिसले पाहिजेत, सातच्या सात.

म्हणून नीट वाच. फिल्टरचा स्पंज काळा झाला की नळाखाली धुवायचा नाही. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस्स. हे म्हणायचे की तो मळ नाही, टाकीचा संसार आहे. साबण तर बोटालासुद्धा नको. उन्हाळ्यात पाणी तापेल, दुपारी पडदा ओढ.

रागावलेली असले तरी तुझीच,
ताई

*

नालासोपारा
१९ एप्रिल १९९८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. पाच मासे गेले.

तू येणार म्हणून मला टाकी लखलखीत करायची होती. दर उन्हाळ्यात आजोबांमागून आपले बापू बावखल उपसून तळाचा गाळ काढायचे, तो केळींच्या मुळाशी टाकायचे, आणि झऱ्याचं नवं पाणी आलं की मासे दुप्पट जोमाने फिरायचे. मीही पुढे तेच केलं. माझ्या डोक्यात तेच होतं. तुझी चौथ्या हिश्श्याची आणि स्पंजची गोष्ट रोजच्यासाठी असेल, वर्षातून एकदा गाळ काढलाच पाहिजे, असं मी धरून चाललो. मासे पातेल्यात ठेवले. टाकी पूर्ण उपसली, खडे गरम पाण्यात धुतले, स्पंज पांढरा होईपर्यंत नळाखाली चोळला. साबण लावला नाही, पाणीही पिंपात एक दिवस मुरवलेलं होतं. इतकी स्वच्छ टाकी तू दुकानातही पाहिली नसशील.

दुसऱ्या दिवसापासून मासे वर येऊन धापा टाकू लागले. चार दिवसांत पाच गेले. सरोजिनी एरवी टाकीला नावं ठेवते, पण तिनेच ते तुळशीच्या कुंडीत पुरले.

दोन उरलेत. तुला दिलेला दुसरा शब्दही मोडला. आता येऊ नकोस असं लिहिणार होतो, पण हात धजला नाही.

जयवंत

*

नागपूर
२४ एप्रिल १९९८

चि. जयवंत यास अ. उ. आ.

वेड्या, बावखलाला खाली झरा असतो, आजूबाजूला माती असते. टाकीला तू आणि तो स्पंज, एवढंच; पाणी निर्मळ ठेवणारे जंतू त्या मळातच असतात. तू तिचा गाळ काढलास तेव्हा तिचा जीवच काढलास. पण यात चूक माझीही आहे. सातच्या सात दिसले पाहिजेत असं मी दरडावलं नसतं, तर तू टाकी घासायला बसला नसतास. यांच्याही हातून पहिल्या वर्षी अकरा मासे गेले होते. मी तेव्हा त्यांना बोलले होते, तुला बोलणार नाही.

आता माझं ऐक. मला दाखवायला म्हणून त्या दोघांना काचेत ठेवू नकोस. पास्कलच्या वाडीत बावखल आहे ना अजून? तिथे नेऊन सोड. मला ठाऊक आहे तुला तिकडे जायचं नाही. तरी जा.

पिशवीत अर्धं टाकीचं पाणी, अर्धी हवा. ती बांधून बावखलाच्या पाण्यावर पंधरा मिनिटं तरंगत ठेव. मग दर पाच मिनिटांनी ओंजळभर बावखलाचं पाणी पिशवीत घाल. अर्ध्या तासाच्या आत सोडायचं नाही. घाई करून निघून येशील तर मासे मरतील, हे पक्कं ध्यानात ठेव.

वाट बघणारी,
ताई

*

नालासोपारा
४ मे १९९८

ती. वसुताईस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

काल रविवारी गेलो. सांडोरच्या नाक्यावर रिक्षा सोडली आणि पिशवी सदऱ्याखाली धरून चोरासारखा चालत गेलो. पास्कल नुकताच चर्चमधून, मिस्साहून, आला होता. मी कशाला आलो ते त्याला सांगितलं. त्याने सुतळी आणली, पिशवी पायरीच्या दगडाला बांधली आणि माझ्या शेजारी बसला.

ताई, तो अर्धा तास तू मुद्दाम सांगितलास, हे मला तिथे बसल्यावर कळलं. पहिली दहा मिनिटं आम्ही दोघंही पिशवीकडे बघत होतो. मग पास्कलच्या घरातून रोझलीन वहिनी चहा घेऊन आल्या आणि मी इतका वाळलो कसा म्हणून मलाच रागे भरल्या. दुसरी ओंजळ घालताना पास्कल म्हणाला की वाडी विकली याचा त्याला राग नव्हता. ती आज ना उद्या सगळेच विकणार, त्याचीही पोरं तेच म्हणतात. राग एवढ्याचाच होता की सामानाचा टेम्पो त्याच्या दारावरून गेला आणि मी खाली उतरलो नाही. नाताळात त्याने माझ्या वाटणीची ताटली काढून ठेवली होती. मला रडू आलं. या वयात, पोराटोरांदेखत. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, तिसरी ओंजळ स्वतः घातली.

मग पिशवी पाण्यात आडवी केली. एक लगेच गेला. दुसरा कडेला जरा थांबला, आणि तोही गेला. पुष्कळ वेळ बघत बसलो, पण पुन्हा दिसले नाहीत. पास्कल म्हणतो, दिसले नाहीत म्हणजे बरे आहेत, आजारी मासाच वर येतो.

टाकी रिकामी झाली. तू नेहलला घेऊन ये. टिकलीवाले तिच्या पायाला टोचतीलच असं सांगवत नाही, इतक्या पाण्यात दोघांचा काय पत्ता लागणार? पण पास्कलने पायरीवर तिघांची जागा ठेवलीय, तुझी, नेहलची आणि माझी. माझी त्याने दोनदा मोजून सांगितली.

गाडीचा नंबर कळव, उतरवून घ्यायला येतो. थोरल्या बहिणीची माया अशीच पाठीशी राहू दे.

तुझा,
जयवंत