चिंचवडमधले दोन च

प्रिय मिनल,

तुला आठवतं का, निगडीच्या बसमध्ये मी कंडक्टरकडे चिंचवडची तिकिटं मागितली आणि तू लाजून माझ्या पदरात तोंड लपवलंस? चिंचवड या नावात दोन च आहेत. लिहायला सारखेच, पण पहिला चिमणीतला आणि दुसरा चोरातला. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही मराठी पुस्तकातून शिकलो, त्यामुळे मी दोन्ही च चिमणीतलेच म्हटले. "मॅडम, ही चिंच इंग्लंडची हाय व्हय?" कंडक्टरने विचारलं, आणि तुझे बाबा खिडकीकडे तोंड करून हसत राहिले.

त्याच वर्षी गणपतीत त्यांच्या कंपनीच्या कामगारांसमोर त्यांनी पहिल्यांदा माझी नक्कल, 'मॅडम', केली. मंडप हसून आडवा झाला. पुढे कॅसेट निघाली, दापोडीच्या रिक्षांतून वाजायची. मग टीव्हीवाल्यांनी बोलावलं. त्यांना बाबांची मॅडम कोटात नको, साडीत हवी होती. "लोक साडीलाच हसणार असतील तर नुसती साडी पाठवतो की," असं सांगून बाबा परत आले. पुन्हा बोलावणं आलं नाही. गेल्या वर्षी समाधानने, त्यांच्या जुन्या ढोलकीवाल्याने, कॅसेटमधला एक तुकडा मोबाईलवर टाकला. तो खूप फिरला. बाबांनीही ऐकला आणि मला विचारलं, "माणूस बरा करतोय. कोण आहे?"

त्यांचा विसर इतका वाढलाय हे मी तुला फोनवर सांगितलं नाही. आधी नावं गेली, मग भूक. ताटासमोर तोंड मिटून बसतात. मग मी म्हणते, जेवा लवकर, चिंचवडला जायचंय, आणि दोन्ही च चिमणीतले लावते. "अगं, चिंच, चिंच," करत मला सुधारतात, हसतात, आणि त्या हसण्यात चार घास पोटात जातात. मला तो च केव्हाच जमला होता गं. त्यांच्यासमोर कधी म्हटला नाही.

फोनवर मला रडू येईल म्हणून लिहितेय. सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर धीर देतात, पण माझ्याकडे न बघता. तू त्याआधी ये. बाबांचा कार्यक्रमाचा कोट समाधानला दे, कॅसेटही त्याच्याकडेच राहू दे. माझ्या बांगड्या तुला. आणि माझा तो चुकीचा च तूच घे, दोन्ही वेळच्या जेवणाला लागेल. ते हसले की तूही हस, मोठ्याने. एकटेच हसले तर त्यांना वाटतं कार्यक्रम पडला, आणि हातातला घास खाली ठेवतात.

तुझीच,
आई