मराठीत सांग

१२ नोव्हेंबर २००५
महागावजवळच्या बंजारा तांड्यावर शाळेत रुजू झाले! यवतमाळच्या हेडक्लार्कची लेक तिथं आठ दिवसही टिकायची नाही, असं काका म्हणाले होते. बघू या. धावजींच्या घरात खोली मिळाली. शेजारच्या खोलीत कापूस, आढ्यापर्यंत. भाव चढेल म्हणून ठेवलाय. माझ्या साडीवर, वेणीत, वरणातसुद्धा कापूस. धावजींची नातवंडं, प्रेम आणि संगीता, जुळी आहेत, सहा वर्षांची. शाळा सुटली की कापसातच लोळतात.

१९ नोव्हेंबर
जुळ्यांची आपसात वेगळीच भाषा आहे. त्यांची आई हंसाबाई म्हणते, "आमच्या गोरबोलीतलंबी नाही ते, मॅडम. मले मायलेच समजत नाही." मी अकरा शब्द टिपून घेतले. 'टिबू' म्हणजे भाकर. 'गुफू' म्हणजे बाहेर काढ. खाटेच्या दोऱ्यांत पाय अडकला तेव्हा प्रेम तेच ओरडत होता. ऐकायला गोड, पण शाळेत दोघं मुकी. मग मी नियम केला: दोघं मराठीत बोलल्याशिवाय त्यांना कोणी उत्तर द्यायचं नाही. घरीसुद्धा. हंसाबाईला पटलं नाही, पण मॅडमपुढे काय बोलणार!

२ डिसेंबर
प्रेम आज "पाणी द्या" म्हणाला. नियम लागू पडला. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

९ डिसेंबर
लिहायलाच हवं. दुपारी खोलीत वह्या तपासत होते. संगीता धावत आली, पदर ओढायला लागली, "गुफू, गुफू". मी म्हणाले, मराठीत सांग. ती रडली. मी वहीत डोकं घातलं. बऱ्याच वेळाने तिला एक शब्द सापडला: "कापूस." मी शाबास म्हणाले. हातावर पेपरमिंट ठेवलं.
संध्याकाळी ढिगाखालून प्रेमला काढलं. नाकातोंडात कापूस. पोर संपलं होतं.

१३ डिसेंबर
कोणालाच कळलं नाही हो, असं सगळे म्हणतात. मला कळत होतं. शब्द माझ्या वहीत आहे, माझ्याच अक्षरात. हंसाबाई मलाच धीर देते, जेवू घालते. लाज वाटते. तिला सांगितलं नाही.

१७ डिसेंबर
संगीता कापसाच्या दाराशी बसून बोलते. थांबते. हसते. हंसाबाईने विचारलं, काय म्हणून राह्यली ते? मी म्हणाले, माहीत नाही.
टिबू देऊ का, विचारत होती.

१८ डिसेंबर
आतून उत्तर आलं. भर दुपारी. मी ऐकलं —

२० डिसेंबर
वही घेऊन कापसाच्या खोलीत आले. माफी मागायला. त्याच्याच शब्दांत — पण माफीला शब्दच नाही यादीत —
दार बाहेरून लागलं. ढीग सरकतोय.
हाका मारतेय. दाराखालून संगीताचे पाय दिसतात. मराठीत कितीदा सांगितलं — ती उत्तर देत नाही. नियम माझाच —
छातीपर्यंत आला. तोंडात कापूस — शब्द येतो मला, येतो — गु