तपासणीच्या दिवशीचा पट

सोमवार, २५ सप्टेंबर २००६. सकाळ.

टण्ण्. थोडं थांबून पुन्हा टण्ण्. शाळेच्या लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा आणि त्यावर पडणारा टोल. आज चहा गाळताना स्पष्ट ऐकू आला. साठ वर्षांनी. किती गोड आवाज. दुरून, पाण्यावरून येतो तसा. अवेळी टोल पडले म्हणजे दिपोटी साहेब शाळा तपासायला गावात शिरले. मी वर्गातला सर्वोत्तम कविता म्हणणारा. साहेब मलाच उभं करत असणार.

आवाज फोनचा निघाला. कौन्सिलच्या लायसन्सिंगमधून एक बाई. मंगळवारी, दहा ऑक्टोबरला अकरा वाजता घर बघायला येते म्हणाली. पुढेही काही सांगत होती. मी येस, येस म्हणून फोन ठेवला. चहा बशीत सांडला होता. कार्डिफची थंडी यंदा लवकर आली.

संध्याकाळ.

शांतपणे विचार केला. नवा नियम असा: घर तीन मजली, आत पाच किंवा जास्त माणसं, आणि ती एका कुटुंबातली नाहीत, तर मालकाला लायसन्स हवं. नसेल तर कोर्ट. आमचं घर तीन मजली. भाडेकरू पाच.

सुप्रभा जूनमध्ये नीनाच्या बाळंतपणाला बर्मिंगहॅमला गेली. जाताना अर्ज माझ्या हातात दिला आणि बजावलं: लायसन्स मिळालं तर घर ठेवू. नाही मिळालं तर विकून लेकीच्या शेजारी वन-बेड फ्लॅट घेऊ. वन-बेड! माझ्या रविवारच्या काव्यवाचनाला तिथे कोण येणार? इथे पाच रसिक घरातच राहतात. ती मुलं माझ्या कवितांसाठीच इथे टिकून आहेत, हे सुप्रभाला कधी समजलं नाही. तिच्या मते भाडं कमी आहे म्हणून.

अर्ज हार्मोनियमच्या पेटीत आहे. पहिल्याच प्रश्नाला अडलो, म्हणून ठेवून दिला. तिला फोनवर 'पाठवला' म्हणालो होतो. मनाने पाठवलाच होता.

संकल्प: उद्या भरायचाच.

मंगळवार, २६ सप्टेंबर.

भरला नाही. पेन उठेना. दुसरं घेतलं, तेही घाबरलेलं. शिवाय आता पाठवला तर इतके दिवस बिनलायसन्सचा होतो ही कबुलीच. न पाठवणं हेच कायदेशीरदृष्ट्या शहाणपणाचं.

गुरुवार, २८ सप्टेंबर.

खोलीचं दार उघडं ठेवून दूध घ्यायला गेलो. आलो तर बंद. पुन्हा उघडलं, पलंगावर बसून बघत राहिलो. सावकाश, कुणीतरी तळहाताने लोटावं तसं बंद झालं.

पहिल्या मजल्यावरच्या अतुलला विचारलं. हा नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये. म्हणाला, वारा असेल काका. खिडक्या बंद होत्या. कौन्सिल दारं बंद करून बघतंय का? असं करता येतं का त्यांना?

शनिवार, ३० सप्टेंबर.

जिन्याच्या छताला लाल डोळा उगवला आहे. थांबून थांबून लुकलुकतो. मी डावीकडे सरकलो. मग उजवीकडे. तो बघतच होता.

शिडीवर अतुल, केसांत प्लास्टरचा भुगा. शिडी धरून मंजिरी. ती हॉस्पिटलात नाइट ड्यूटी करते, वरच्या मजल्यावर राहते. मला बघून दोघं गप्प झाली. स्मोक अलार्म आहे काका, अतुल म्हणाला. मला शिकवतो. आमचा अलार्म किचनमध्ये आहे. फोडणी दिली की ओरडतो म्हणून मी त्याला कानटोपी घातली आहे.

किचनमध्ये जाऊन बघितलं. कानटोपी नाही. कढी फोडणीविना प्यालो.

जिन्यावरून मंजिरीची कुजबुज ऐकू आली: त्यांना नको सांगू, काकूंनी बजावलंय. काकूंनी! घरातच फितुरी. कौन्सिलला माझं नाव यांनीच दिलं असेल काय?

रविवार, १ ऑक्टोबर.

काव्यवाचन. श्रोते एक. बाकीचे वर काहीतरी ठोकत होते. मंजिरी ड्यूटीवरून थेट येऊन बसली आणि शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत होती. डोळे मिटून ऐकणं हीच खरी दाद. अशी मुलगी फितूर असूच शकत नाही. अतुल असेल.

स्वतःची नवी ओळ म्हटली: 'उंबऱ्या, तू डगमगू नको रे, मी उभा आहे इथे.' सुंदर उतरली आहे. दुसरी ओळ उद्या.

बुधवार, ४ ऑक्टोबर.

युक्ती सापडली! आणि सापडली कुठे, तर आमच्या शाळेत. तपासणीच्या दिवशी हेडमास्तर कच्च्या मुलांना वाळू आणायला ओढ्यावर पाठवत. वर्गात उरत ती हुशार पोरं. साहेब खूश होऊन जात. केवढी दूरदृष्टी.

मंगळवारी अकराला माझी मुलं ऑफिसात असतातच. फक्त त्यांच्या खुणा पुसायच्या. एकटा म्हातारा, त्याचं घर, संपलं. एकट्या माणसाला कसलं लायसन्स?

आज नीट झोप लागेल.

गुरुवार, ५ ऑक्टोबर.

लागली नाही. लाल डोळा.

शनिवार, ७ ऑक्टोबर.

सुप्रभाचा फोन. नातू हसायला लागला. मग सहज विचारल्यासारखं, कौन्सिलचा काही फोन आला का? नाही म्हणालो. फार ठामपणे म्हणालो. ती म्हणाली, आला तर मला सांगा, मी येईन. "आणि एकटे असलात तर फक्त दार उघडा आणि खरं बोला. कविता नको."

छत्तीस वर्षं इंग्लंड-वेल्समध्ये काढलेल्या माणसाला दार उघडायला शिकवते.

रविवार, ८ ऑक्टोबर.

दुपारी सगळे एकत्र जेवलो. अतुल खिचडी वाढताना म्हणाला, काका, कुणी येणार आहे का? मी म्हटलं, का बरं? तर म्हणे सकाळपासून दोनदा दाढी केलीत आणि सूट बाहेर काढलात. बाकीचे हसले. कुणीतरी म्हणालं, काका बघायचा कार्यक्रम ठरलाय, पण काकूंची परवानगी घेतलीय का? मीही हसलो. खिचडी पुन्हा वाढून घेतली.

अतुल मात्र हसला नाही. जेवण झाल्यावर मोबाइल घेऊन बाहेर गेला आणि बराच वेळ बोलत होता. काचेतून दिसत होता. 'हो काकू, हो काकू' असं ओठांवरून वाटलं.

दुसरी ओळ आली नाही.

मंगळवार, १० ऑक्टोबर. सकाळी दहा.

पोरं गेली. कामाला लागलो. पाच प्रेशर कुकर माझ्या पलंगाखाली. चपला-बूट बाथटबमध्ये, वर शॉवरचा पडदा. टूथब्रश खिशात. तांदळाच्या गोण्यांवर शाल पांघरली, वर गणपती ठेवला. हात भरलेले असले की प्रत्येक दार मागून माझ्यावर बंद होतं. एकदा कोपर सापडलं. ओरडलो नाही. वर मंजिरी झोपली आहे, ड्यूटी करून आली. तिच्या दारावर माझा ओव्हरकोट टांगला. कपाट वाटतं.

छाती धडधडते आहे. उत्साह असावा.

दुपारी एक.

मिस प्रॉबर्ट. लहानखुरी बाई, सर्दीने नाक लाल, हातात छत्री. मिशीवाल्या साहेबाची सवय असलेल्या माणसाला अशी तपासणी जास्त घाबरवते. हसत होती.

दारातच मी सांगून टाकलं की मी एकटा राहतो. भाडेकरू? होते. गेले. सगळे. ती म्हणाली, ओ. कागदाकडे बघितलं. मग म्हणाली, आलेच आहे तर बघते.

तिने एक दार उघडून सोडून दिलं. ते आपोआप बंद झालं. लव्हली, म्हणाली. बिजागरीजवळ लपवलेली, दार ओढून घेणारी साखळी मला दाखवली. आग लागली तर धूर अडतो. मी पहिल्यांदा बघत होतो. मान डोलावली. मग छत्रीच्या टोकाने लाल डोळा दाबला.

घर किंचाळलं. जिन्यात, किचनमध्ये, वर, तिन्ही मजले एकदम. माझा ओव्हरकोट खाली पडला आणि ब्लँकेट गुंडाळलेली मंजिरी जिन्यावर आली. "काका, आग लागलीय का?"

मी हातानेच तिला आत जा म्हणून खुणावलं. गेली बिचारी, अर्धी झोपेतच. मिस प्रॉबर्टने विचारलं, कोण? मी म्हटलं, पुतणी. काका म्हणजे अंकल, तुम्ही ऐकलंतच. तिने लिहून घेतलं.

मग खुर्चीत बसून म्हणाली, मला जरा वाईट वाटतंय. तुमच्या मिसेसनी जुलैमध्ये इतका नीटनेटका अर्ज पाठवला होता. पाच भाडेकरूंचा. काल फोन करून आजची वेळही विचारली. दारं, अलार्म, सगळं फर्स्ट क्लास करून घेतलंय. आज इथे पाच जण असते तर मी लायसन्सला हो म्हटलं असतं. पण एक गृहस्थ आणि त्यांची पुतणी, याला लायसन्स लागत नाही. अर्ज बंद करते.

तोंड उघडलं. पहिला शब्द आला, 'अ‍ॅक्च्युअली'. ती वाट बघत होती, पेन हातात धरून. दयाळू बाई होती. पुढचं आठवेना. साठ वर्षांपूर्वी कविता म्हणताना व्हायचं तसंच, पहिल्या शब्दानंतर सगळं कोरं. तिने मला पाणी दिलं आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेली.

दीड.

खिशात पाच टूथब्रश आहेत.

त्या शाळेचं पुढचं आठवलं. त्या वर्षी साहेबांनी डोकी मोजली. पट कमी भरला म्हणून दुसऱ्या मास्तरांची जागा गेली आणि वरचा वर्ग बंद झाला. हेडमास्तर बाकावर बसून राहिले होते, असं नंतर ऐकलं. मी बघितलं नाही. तो टोल मी पाण्यावरूनच ऐकायचो. मी ओढ्यावर होतो.

असो. उपाय आहेत. उद्या कौन्सिलला फोन करायचा. नाही तर परवा. पोरांना रात्री जेवताना सांगायचं की त्यांनी माझ्यासाठी दारं बसवली आणि मी... नको, जेवण होऊ द्यावं. सुप्रभाला पत्र लिहावं, फोनवर ती मध्येच बोलते. ती अजून पंधरा दिवस तरी येत नाही. तेवढ्यात दुसरी ओळ सुचेल.

बेल वाजते आहे.

पुन्हा वाजली. मिस प्रॉबर्ट छत्री विसरली असेल. पडदा किंचित बाजूला करून बघितलं.

सुप्रभा. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पेढ्यांचा बॉक्स. तिने मला बघितलं. काचेवर बोट वाजवून विचारते आहे, "अहो, किती जणांचं लायसन्स मिळालं?"