दांड्यापतोर हात

३ नोव्हेंबर २०२५, मलकापूर

व्हय, मीच आखली मशीन! कागदावर न्हाई — वर्कशॉपच्या फरशीवर, खडूनं. कुणी इचारलं न्हाई, तरी सांगतो. कडबाकुट्टी म्हंजे काय हेलिकॉप्टर हाय व्हय? रोलर वैरण आत ओढतंय, पातं कापतंय, झालं. चौदा इकल्या. आन् नात क्रांती विंजिनेरी कॉलेजातनं फॉर्म घेऊन आली — धोका कुठं, किती, कुणाला. पानंच्या पानं! नुसता तमाशा.

५ नोव्हेंबर

क्रांती म्हणती, "आबा, वैरणीसंगं हात रोलरमदी गेला तर?"

"उलटा फिरवायचा दांडा हाय की वर. दुसऱ्या हातानं वडायचा."

"पोचतोय?"

"माजा पोचतोय!"

"पर वैरण तुमी घालता व्हय?"

उलट बोलती लय.

६ नोव्हेंबर

मशीन बंद. वायर काढून ठेवली. बायकोला, राहीबाईला, उजवा हात मशीनच्या तोंडात रोलरपतोर घालाय लावला. "आता डाव्यानं दांडा धर."

"आवं, न्हाई पुरत."

"टाचा उचल की जरा!"

"तुमीच या हितं, माजी उंची घिऊन!"

टेपनं मोजलं. दोनदा. नऊ इंच कमी.

७ नोव्हेंबर

जेवण जाईना.

८ नोव्हेंबर

कुट्टी करतंय कोण? समद्या घरांत बायकाच. मी चालवून दावली ती गड्यांना!

क्रांतीचं म्हणणं — तोंड लांब करा, हात रोलरला लागलाच न्हाई पायजे. आन् दांडा खाली, तोंडापुढं आडवा, छातीनं ढकलला तरी मशीन थांबंल असा. बरोबर हाय. तिला सांगितलं न्हाई. दिवसभर वेल्डिंग.

मशिनी घेतल्याल्या समद्यांना फोन लावले. "काय न्हाई हो, झ्याक चाललीया." बायकांना फोन द्या म्हणलं की हसत्यात.

११ नोव्हेंबर, आष्टा

पयली इकल्याली मशीन जोतीरामाची. गेलो तर दांड्याला लुगड्याच्या काठाची दोरी बांधल्याली, खालपतोर लोंबतीया. त्याची आई शालूबाई वैरण घालत हुती.

"दोरी कवा बांधली?"

"बोटं गेली तवा. दोन वर्सं झाली."

उजव्या हाताची दोन न्हाईत.

"मला कळवायचं न्हाई व्हय?"

"आवं, तुमची मशीन ब्येस हाय. माजाच हात आखूड."

दांडा बदलला. तोंड बदललं. चा घेतला न्हाई.

आता फुडं काय लिवायचं न्हाई मला.