गुडघे सोडून बाकीचा अभ्यास

६ सप्टेंबर, शुक्रवार

परीक्षेचा ईमेल आला. दर दहा वर्षांनी येतो, जुन्या दातदुखीसारखा. डिसेंबरअखेर पास व्हायचं, नाही तर जानेवारीपासून दवाखान्यात माझी खुर्ची रिकामी.

मी ऑर्व्हिल ट्वेट, फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टर नाही, पण डॉक्टरच्या हाताखाली जवळपास तीच कामं. पेशंट तपासतो, औषधं लिहून देतो, टाके घालतो, गुडघ्यांत सुया देतो. तरी आमच्या बोलिंगच्या टीममधला ड्वेन दर हिवाळ्यात विचारतोच, अजून असिस्टंटच का रे? तुमच्यात बढती नसते का?

घाबरण्यासारखं काही नाही. अर्धी हयात डॉ. हॉलंडरच्या हाडांच्या दवाखान्यात गेली. पंचक्रोशीत असा गुडघा नाही जो मी हातात धरलेला नाही.

संकल्प: रोज पहाटे उठून अभ्यास. उद्यापासून.

७ सप्टेंबर

आज शनिवार निघाला. शनिवारी कोणी सुरुवात करत नाही. सोमवार.

९ सप्टेंबर, सोमवार

पहाटे जाग आली नाही. पण दवाखान्यात लवकर पोचलो, ते त्यातच धरावं.

रेनाटाला परीक्षेचं सांगितलं. तीही माझ्यासारखीच असिस्टंट. प्लास्टर घालायला मीच शिकवलं तिला. म्हणाली, अहो ऑर्व्हिल, मी घरून देते तीच परीक्षा तुम्हीही द्यायची होती. दर तीन महिन्यांनी थोडे प्रश्न, पुस्तक उघडं ठेवलं तरी चालतं. म्हटलं, ही परीक्षा की शाळेतला गृहपाठ? मी हॉलमध्ये बसणार आणि एका दिवसात निकाल लावणार. तर म्हणे, पण त्यात सगळंच विचारतात हो. गरोदर बायका, तान्ही मुलं, कातडी, मन. मी म्हटलं, माणसाचं सगळं शेवटी हाडांनाच लटकलेलं असतं.

ती पुढच्या पेशंटची फाईल उचलून निघून गेली. पटलं असावं.

ता. क. ती घरची परीक्षा काही वर्षं चालते, म्हणून आधीच नाव द्यावं लागतं, हे संध्याकाळी कळलं. मुदत केव्हाच गेली. म्हणजे माझा निर्णय बरोबरच होता.

२१ सप्टेंबर

अभ्यासाचं पुस्तक आलं. मार्लिसने दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. हे वाचायचं आहे, म्हणाली, की गॅरेजच्या दाराला अडसर लावायचा आहे? चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने मला एकदाही सरळ उत्तेजन दिलेलं नाही.

बसून पद्धतशीर आखणी केली. हृदय, मग फुप्फुसं, मग बायकांचे आजार, मुलं, त्वचा, मन. हाडं आणि सांधे हा धडा चांगलाच लांबलचक आहे. तो गाळला. अंडं कसं असतं हे कोंबडीने पुस्तकात वाचायचं नसतं.

आखणीतच दुपार गेली. दमलो. थोडा पडलो.

६ ऑक्टोबर, रविवार

चर्चनंतर तळघरात कॉफी. मार्लिस बटाटे-खिम्याची हॉटडिश घेऊन गेली होती आणि, मला न सांगता, पुस्तकही. सगळ्यांसमोर मला प्रश्न विचारायला लागली. बाळ कुत्र्यासारखं खोकतंय, काय करशील? म्हटलं, छातीचा एक्स-रे. अंगावर पुरळ उठलंय? आधी पाहीन, मग एक्स-रे. बाई रात्रंदिवस रडते, झोप नाही? मी विचारात पडलो तेवढ्यात मागून पाद्रीबुवा म्हणाले, ऑर्व्ह, मनाचाही काढतोस का रे एक्स-रे? ड्वेनच्या नाकातून कॉफी आली.

मी शांतपणे सांगितलं की एक्स-रेने आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही. आमची मशीन खोलीच्या समोरच आहे. दार उघडलं की एक्स-रे.

लिंबाच्या वड्या मात्र चांगल्या झाल्या होत्या. तीन खाल्ल्या. मेंदूला साखर लागते.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

गुरुवारी नॉर्थ फोर्कच्या छोट्या दवाखान्यात जातो. तिकडे हॉलंडर जात नाही, मी एकटाच. बर्गिट स्कार आली होती, काठी टेकत. नव्वदी पार, दोन्ही गुडघे माझ्याच देखरेखीखाली म्हातारे झाले. तिला कुठून तरी परीक्षेचं कळलं होतं. म्हणाली, पास हो रे बाबा. तू यायचा थांबलास की हे दार बंद होणार. शहरापर्यंत गाडी हाकायचे माझे दिवस गेले, आणि मुलाला कितीदा सुट्टी घ्यायला लावू?

मी म्हटलं, आजी, निर्धास्त राहा, हा तर डाव्या हाताचा मळ. ती म्हणाली, मग उजव्या हातानेही जरा वाच.

परत येताना रोजचं वळण चुकलो. दुपारचं सॉसेज जड गेलं असावं.

पण आज जेवणानंतर खरंच वाचलं. बाळांचा धडा पूर्ण. कुत्र्यासारख्या खोकल्याला एक्स-रे सहसा लागत नाही म्हणे.

२७ ऑक्टोबर

हृदय झालं. त्वचा झाली. मन झालं, त्यात मार्लिसने मदत केली. प्रत्येक आजाराला तिने माझ्या घराण्यातलं एक माणूस दाखवलं.

माझी तयारी इतकी झाली आहे की परीक्षा जरा आधी असती तर बरं झालं असतं. हरणांच्या शिकारीचा हंगाम पुढच्या आठवड्यात उघडतो, मन त्यात अडकू नये.

रेनाटाने हळूच विचारलं, हाडांचे सरावाचे प्रश्न सोडवलेत का? मी तिला विचारलं, प्लास्टर घालायला कोणी शिकवलं?

१ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळी

परीक्षा झाली. खिसे उलटे करून दाखवायला लावले, घड्याळ काढून घेतलं, बाह्या वर करायला लावल्या. बर्गिटच्या वयाच्या दोन बायका माझ्यासमोर मुकाट बाह्या वर करत होत्या, कुठली परीक्षा देत होत्या देव जाणे.

हृदय, बाळं, पुरळ: सगळं ओळखीचं. मग हाडांचे प्रश्न आले आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. एका बाईचे गुडघे दुखतात, वजन जास्त, अजून काहीही उपचार केलेला नाही. पहिली पायरी कोणती? पर्यायांत चक्क 'व्यायाम आणि वजन कमी करणे' असं होतं. हसू आवरलं नाही. देखरेखीच्या बाईने वर पाहिलं. व्यायाम करून बरा झालेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. सरळ इंजेक्शन निवडलं. एकाचा घोटा मुरगळलेला, पण चालता येतंय, हाड दाबलं तर दुखत नाही. एक्स-रे. असले प्रश्न वाचतानाच उत्तर हातात येतं. वेळ उरला, तपासायची गरज वाटली नाही.

येतानाच सपर क्लबमध्ये मोठं टेबल सांगून टाकलं. सोळा तारखेला, सगळ्यांना जेवण. मार्लिस म्हणाली, निकाल तरी येऊ दे. म्हटलं, निकाल ही फक्त औपचारिकता.

१५ नोव्हेंबर

नापास.

थोडक्यात. अगदी केसभर.

सोबत विषयवार पट्ट्या काढून दिल्या आहेत. हृदय बरं. बाळं उत्तम. त्वचा उत्तम. मन तर अपेक्षेपेक्षा वर. सगळ्यात आखूड पट्टी: हाडं आणि सांधे.

संगणकात चूक असणार. दोन पट्ट्यांची नावं उलटसुलट झाली असणार. मार्लिसने चष्मा लावून पुन्हा पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, म्हणजे दुसऱ्यांच्या बाळांना तू चालशील, गुडघ्यांना नाही.

मग तिने माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि बराच वेळ शेजारी बसून राहिली. ते तिला न शोभणारं होतं. मी घाबरलो.

१६ नोव्हेंबर

टेबल रद्द करता आलं नाही. सगळे आले. ड्वेनने माझं तंगडं टेबलावर ठेवायला लावलं आणि गुडघ्यावर बोट ठेवून सगळ्यांना विचारत सुटला, याला काय म्हणतात, कोणाला माहीत आहे का? निदान ऑर्व्हला सांगा.

हॉलंडर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग त्याने पहिल्या पायरीचा तो प्रश्न मला पुन्हा सांगायला लावला. ऐकून त्याने काटा खाली ठेवला. म्हणाला, ऑर्व्ह, आपल्याकडे येतो तो गुडघा सगळं करून थकलेला असतो. व्यायाम, गोळ्या, पट्टे सगळं आधी दुसरीकडे झालेलं. ज्यांना व्यायामाने बरं वाटलं, ते आपल्यापर्यंत आलेच नाहीत. तू नि मी इतकी वर्षं फक्त शेवटची पायरी पाहिली.

मी म्हटलं, तू पास झाला असतास का? त्याने वेटरला हाक मारली.

रेनाटाने फोनवरच माझी पुढची तारीख धरून ठेवली होती. डिसेंबरात, वर्षातली शेवटची संधी. नॉर्थ फोर्कच्या लोकांना यातलं काही सांगायचं नाही असं तिने सगळ्यांना बजावलं. ड्वेनलाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार, पहाटे

उठलो. खरंच.

हाडांचा धडा काढला. पहिल्याच पानावर गुडघ्याचं चित्र आहे, बाण काढून नावं लिहिलेली. मार्लिस गाऊनमध्येच येऊन बसली, नावांवर बोट ठेवून एकेक विचारत गेली. बरीचशी आली. मग खालचा मजकूर तिने मोठ्याने वाचून दाखवला, अगदी सुरुवातीपासून: गुडघा म्हणजे काय, तो का दुखतो, प्रथम काय करावं.

बरीच नवीन माहिती आहे.