केबल काढली तरी

३ मार्च, सोमवार
नवी वही, नवा मी. नव्या सर्किट बोर्डाचं डिव्हाइस ट्री माझ्याकडे आलं. म्हणजे कुठला भाग कुठे जोडलाय, हे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, सांगणारी फाइल. त्यातला इथरनेटचा तुकडा मी लिहायचा. शुक्रवारी मॅडमपुढे डेमो. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर प्रोबेशन आणखी सहा महिने. माझ्यासाठी दोन तासांचं काम. आमच्या ऑफिसातल्या जुन्या इंजिनिअरची, काकांची, जुनी फाइल आहे, पण उघडणार नाही. काका जाऊन महिना झाला. त्यांच्याच खुर्चीत बसतो. मला ते ‘शहाण्या’ म्हणायचे. कौतुकानं.

४ मार्च
बोर्डाची नेटवर्कशी लिंक येईना. काकांची फाइल उघडली. फक्त बघायला.
दुपारी ४. इथरनेटचा तुकडा जसाच्या तसा घेतला. याला कॉपी नाही, संदर्भ म्हणतात. त्यांच्या लांबलचक कॉमेंट्स, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या टिपा, न वाचता उडवल्या. शिकवायची खोडच होती त्यांना. लिंक आली! मॅडमना सांगितलं, शून्यापासून लिहिलं.

५ मार्च
पिंग म्हणजे नेटवर्कवरून बोर्डाला ‘आहेस का?’ विचारणं. त्याची उत्तरं मध्येच गायब. केबल बदलली. सगळ्या केबल जिथे जुळतात तो नेटवर्क स्विच बदलला. टेस्टरबाई म्हणाल्या की आता इंजिनिअरच बदलायचा राहिलाय. दुर्लक्ष केलं.

६ मार्च, सकाळी ११
केबल काढून हातात धरली. उत्तरं येतच होती. उलट जास्त नियमित.
११.१०. बोर्डच बंद केला. तरी उत्तरं चालू.
१२. मी विज्ञान मानणारा माणूस आहे. मात्र त्या खुर्चीत बसणार नाही. स्टूल आणलं.
दुपारी ३. बायकोला फोन. तिनं विचारलं की काकांना हॉस्पिटलात एकदा तरी भेटलास का. नाही भेटलो. आधी सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. मग सर्दी. मग काकाच नव्हते.
३.२०. आजूबाजूला कोणी नाही बघून खुर्चीची माफी मागितली. स्क्रीनकडे पाहिलं. उत्तर आलं. स्टूल आणखी लांब सरकवलं.

७ मार्च, शुक्रवार
डेमोत उत्तरं पुन्हा तुटायला लागली. शेवटी मॅडमना सांगून टाकलं की काका नाराज आहेत. मॅडम स्विचपासून एकेक वायर धरत काकांच्या कपाटापर्यंत गेल्या. किल्ली मागवली. आत काकांचा जुना बोर्ड. महिनाभर एकटाच चालू, हिरवा दिवा लुकलुकत. प्रत्येक बोर्डाचा नेटवर्क पत्ता वेगळा लागतो. माझ्या आणि त्या बोर्डाचा एकच निघाला. केबल काढल्यावर उत्तरं तोच देत होता. मॅडमनी विचारलं की शून्यापासून लिहिलं होतं ना.

मग त्यांनी काकांची मूळ फाइल उघडली आणि मी उडवलेली पहिली कॉमेंट सगळ्यांसमोर वाचली. हॉस्पिटलच्या खाटेवरून लिहिलेली. शहाण्या, तू कॉपी करशीलच, खुशाल कर. फक्त हा पत्ता माझ्या कपाटातल्या बोर्डाचा आहे, तेवढा बदल. अडलास तर ये. वॉर्ड सहा. दुपारी मी मोकळाच असतो.

प्रोबेशन सहा महिने वाढलं. पत्ता बदलला. माझा बोर्ड आता नीट चालतो.
कपाटातला बंद करून टाका, मॅडम म्हणाल्या. सोमवारी करतो.